फोटोत नसलेली नवरी

सुपारी फुटायला दोन तास होते, तेव्हा मी नवऱ्यामुलाच्या फोटोवर मोबाईल धरला. खरं तर मला काही शोधायचं नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं, हाताला काम नव्हतं, आणि समोर तुषारचा बायोडाटा पडला होता. कागदाच्या कोपऱ्यात त्याचा हसरा फोटो. रोज बांगड्यांवर धरते तसा मोबाईल त्याच्यावर धरला आणि म्हटलं, बघू तरी, जावईबापूंबद्दल हा काय बोलतोय.

बार्शीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. मी कुमुद रासने, तेव्हा सत्तावन्न वर्षांची, बिनलग्नाची, थोरल्या भावाच्या घरात राहणारी. लिहायला-वाचायला मला चांगलं येतं, पण मोबाईलवरची ती बारीक अक्षरं दाबणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. एक दाबायला जावं तर तीन दाबली जायची. शेवटी माझ्या भाचीनं, स्वरूपानं, मला त्यातलं माईकचं चित्र दाखवलं. “आत्या, तू दिवसभर बोलतेसच ना? मग याच्याशी बोल,” म्हणाली. नंतर कॅमेऱ्याचं दाखवलं. वस्तूवर धरायचा, की तसली वस्तू जगात कुठं कुठं आहे ते तो सांगतो.

मग काय विचारता! बाई फुटक्या बांगडीचा तुकडा घेऊन यायची, “मला अश्शीच पाहिजे” म्हणायची, की मी तुकड्यावर मोबाईल धरायची. फिरोजाबादची आहे का हैदराबादची, तिला तिकडं काय म्हणतात, सगळं बाहेर यायचं. हळूहळू गल्लीतली माणसं येऊ लागली. कुणी गुलाबाचं कीड लागलेलं पान आणलं, कुणी मिक्सरचा तुटलेला दातेरी भाग आणला. “कुमुदआत्याला विचारा, तिचा मोबाईल सांगतो,” असं नाव झालं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता.

तर फोटोवर मोबाईल धरला, आणि क्षणभरानं तोच फोटो समोर आला. तोच हसरा चेहरा, तोच निळा झब्बा. फक्त बायोडाटावर तो खांद्यापर्यंत कापलेला होता आणि इथं अख्खा होता. मागं फुलांच्या माळा, बाजूला पाट मांडलेला. लातूरच्या कुठल्याशा फोटोवाल्यानं आपल्या कामाचे नमुने लावले होते. वर लिहिलं होतं, शुभविवाह.

मी पुढचा फोटो सरकवला. तुषार पाटावर उभा, कपाळाला मुंडावळ्या. त्याच्या पुढचा. दोन माणसांनी अंतरपाट धरलाय, तुषार अलीकडं, हातात हार. पलीकडं कोण, ते दिसत नव्हतं. त्याच्या पुढच्यात होम. तिथंही कॅमेरा सगळा ह्याच्यावरच. नवरी म्हणून कुठं नखसुद्धा दिसेना.

म्हणजे ह्याचं लग्न झालेलं होतं. आधी एक उरकलेलं होतं आणि आम्हाला प्रथम वर म्हणून गळ्यात मारत होते!

दुकानाचं दार लोटून घेतलं आणि माईकवर बोट ठेवून हळूच विचारलं, “तुषार कोळपकर, लातूर, लग्न.” त्यानं मला लातुरातली मंगल कार्यालयं दाखवली. मी म्हटलं, “तुषार कोळपकरची बायको कोण?” तर शेताला पाणी उडवायच्या तुषार सिंचनाचे पाईप दाखवले, वर सरकारी अनुदान. “मेल्या, पाईप नको, बायको पाहिजे,” मी त्याला ओरडले. त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं. पण मला आता काही ठाऊक व्हायचं राहिलं नव्हतं.

स्वरूपाबद्दल सांगायला पाहिजे. ती नऊ वर्षांची असताना वहिनी गेल्या. तिची वेणी, तिचे डबे, तिची आजारपणं, सगळं मी केलं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, पतसंस्थेत नोकरी करत होती. आठ स्थळं येऊन गेली होती. काहींना ही सावळी वाटली, काही हिला गुळमुळीत वाटली. नववा हा तुषार, लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकवायचा. घरी फक्त आई. बघायला आला, जिन्यात हिच्याशी दहा मिनिटं बोलला आणि गेला. पोह्यांच्या बशा विसळताना स्वरूपा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आत्या, हा मला चालेल.” आठ स्थळांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. तेव्हापासून पोरगी घरात गुणगुणत हिंडायची. दादासुद्धा, म्हणजे माझा भाऊ, तिचं गुणगुणणं ऐकून पेपर खाली करायचा.

त्या पोरीचं आयुष्य एका लग्न झालेल्या माणसाच्या हाती पडणार होतं, आणि ते मला दोन तास आधी कळलं होतं.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? वर जाऊन पोरीला बाजूला घेतलं असतं. मी तसं केलं नाही. वर गेले तेव्हा ती आरशासमोर बसून केसांत फुलं खोचत होती. माझ्याकडं वळून म्हणाली, “आत्या, असा चेहरा का केलायस? मीच सासरी चाललेय, तू नाहीस.” मी तिचं एक फूल नीट खोचलं आणि बाहेर आले. दादाला सांगावं तर त्याला रक्तदाबाचा त्रास. आणि खरं सांगू? त्या फोटोचा मला जितका राग आला होता, तितकाच आतून आनंदही झाला होता. मी शोधून काढलं होतं. चांगलं चारचौघांत त्यांच्या पुढ्यात टाकायचं, पळायला जागा ठेवायची नाही, असं मी ठरवलं.

अकराला पाहुणे आले. तुषार, त्याची आई प्रमिलाबाई आणि त्याचे एक मामा. बाकी गर्दी साखरपुड्याला करू, आज फक्त सुपारी, असं ठरलेलं होतं. प्रमिलाबाई बारीक चणीच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आल्या आल्या माझे हात धरून म्हणाल्या, “ताई, तुमच्या हातच्या पोह्यांसाठी तरी यायचंच होतं.” मी मनात म्हटलं, खा बाई, शेवटचेच आहेत.

पोहे झाले, चहा झाला. दादानं ताम्हण पुढं घेतलं, त्यात नारळ, सुपारी, हळदकुंकू. स्वरूपा आतल्या दारात उभी. दादा म्हणाला, “मग काय, मुहूर्त चांगला आहे. फोडू या?”

“थांब दादा,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मोबाईल उघडून प्रमिलाबाईंच्या मांडीवर ठेवला. “आधी ह्याचा उलगडा करा. नवरी कोण आहे, आणि कुठं आहे आता?”

त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावरचा रंगच गेला. “हे... हे तुमच्याकडं कुठून आलं?”

“कुठून आलं ते सोडा. मुलगा तुमचाच आहे ना? मुंडावळ्या आहेत ना? अंतरपाट आहे ना? मग पहिली बायको वारलीय का सोडून दिलीय, एवढंच सांगा!”

“कुमुद!” दादा ओरडला. पण त्यानंही मान पुढं करून पाहिलं.

मामांनी फोन हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. “हे आमच्या गाढवाचं काम. माझा पोरगा फोटो काढतो. कुणाला न विचारता टाकून मोकळा झाला!”

“म्हणजे लग्न झालंय,” मी म्हणाले.

तेव्हा तुषार बोलला. आवाज चढवला नाही, माझ्यावर रागावलासुद्धा नाही. “झालंय आत्या. रुईच्या झाडाशी.”

मला काही कळेना. “काय?”

“अर्कविवाह म्हणतात त्याला. गुरुजींनी सांगितलं होतं. रुईला साडी नेसवली, मुंडावळ्या बांधल्या, मंगलाष्टकं म्हटली. मला अजून मुंडावळ्या बांधायच्या होत्या, आणि वारा आला की नवरीचा पदर माझ्या तोंडावर यायचा. मला हसू आवरेना. तेवढ्यात मामेभावानं फोटो काढला. माझा दुसरा हसरा फोटो नाही, म्हणून आईनं तोच बायोडाटाला लावला.” मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, “मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.”

त्या अंतरपाटापलीकडं झाड होतं. माझा इतका हुशार मोबाईल, त्याला कापडामागचं काय दिसणार?

पण दादाच्या डोक्यात गोष्ट पुढं गेली होती. तो सावकाश म्हणाला, “रुईशी लग्न उगाच लावत नाहीत. मंगळ आहे?”

प्रमिलाबाईंनी हात जोडले. “आहे.”

“तुम्ही तर म्हणालात जन्मवेळ ठाऊक नाही. नावावरून गुण जुळवले आपण.”

“ठाऊक आहे भाऊ. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. आई कशी विसरेल? ह्याचे वडील अपघातात गेले, तर लोक म्हणाले पोराचा मंगळ बापाला भोवला. नववीत होता हो तो. मग तीन स्थळं पत्रिका बघून परत गेली. मुलींनी फोटो पसंत करायचा आणि बापांनी पत्रिका परत करायची. शेवटी ते झाडाशी लग्न लावलं. गुरुजी म्हणाले दोष गेला. जो गेला तो पुन्हा कशाला लिहायचा, म्हणून नाही लिहिला. चुकलं माझं.”

दादानं ताम्हणातली सुपारी उचलली आणि बाजूला सतरंजीवर ठेवली. “माफ करा. मंगळाच्या घरात मी मुलगी देणार नाही. माझी एकुलती एक आहे.”

“बाबा, मला माहीत होतं,” स्वरूपा दारातून म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज कापत नव्हता. “तुषारनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, जिन्यात. म्हणाला, बघ, नंतर कळलं तर वाईट वाटेल. मला काही वाटलं नाही. उलट एवढं सरळ आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“मी आत्ताही नाहीच म्हणतोय.”

मी तिच्याकडं वळले. “मला तरी सांगायचंस गं.”

“तुला कसं सांगू आत्या?” ती म्हणाली. “तो शब्द निघाला की तू दोन दोन दिवस जेवत नाहीस.”

आता सांगतेच. आमच्या घरात मंगळ हा शब्द कुणी काढत नसे. मंगळवारालासुद्धा दादा ‘उद्या’ नाहीतर ‘परवा’ म्हणायचा, मी समोर असले की. कारण मंगळ मला आहे. चांगला कडक, आठव्या घरातला. वडील होते तोवर त्यांनी सहा स्थळं पाहिली, सहाही पत्रिकेवरून परत गेली. वडील गेल्यावर दादानं एक पाहिलं, तेही गेलं. मग चोविसाव्या वर्षी मी सांगितलं की आता पुरे, आणि दुकानात बसले. बार्शीतल्या निम्म्या नवरीमुलींचे चुडे मी भरलेत. ते काम करताना मला कधी रडू आलं नाही. रडून झालं होतं.

आणि असं असून मीच एका पोराला चारचौघांत उघडं पाडलं होतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. त्याच्या आईनं अजून हात सोडले नव्हते, आणि ते जोडलेले हात मला बघवेनात.

दादा मामांना म्हणत होता, “तुमचा वेळ गेला. पण मंगळाचं माणूस म्हणजे घरात जाणूनबुजून संकट आणायचं. उद्या काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?”

त्यानं हे बोलताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम नव्हे. मी तिथं आहे हे तो विसरला होता.

“दादा,” मी म्हणाले, “तेहतीस वर्षं मंगळाच्या बाईच्या हातचं जेवतोयस. तुला काय झालं?”

मामांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

“तुझ्या बायकोला मी शेवटपर्यंत भरवलं. तुझी पोरगी माझ्या कुशीत झोपून मोठी झाली. मी संकट असेन तर मला घरात कशाला ठेवलीस? जाणूनबुजून?”

दादा उठला. मला वाटलं, आता हा जिना उतरून बाहेर जाणार. पण तो आत स्वयंपाकघरात गेला. मी त्याच्या मागून गेले, म्हटलं भांडायचं तर नीट भांडू. तो ओट्याला दोन्ही हात टेकून, माझ्याकडं पाठ करून उभा होता.

“लग्न जमलं नाही म्हणून नाही ठेवली तुला,” तो म्हणाला. “मी जाऊ दिलं नाही.”

“काय बोलतोयस?”

“करमाळ्याचं स्थळ आठवतं? मी पाहिलेलं.”

आठवतं का म्हणे! दिगंबर शेटे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. बोटं शाईनं काळी, कितीही धुतली तरी नखांच्या कडेला राहिलेली. बघायला आला तेव्हा बाकीचे स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का विचारत होते. त्यानं एकच विचारलं होतं, “बांगडी भरताना काच लागते का हो?” मी म्हणाले होते, “समोरच्यानं हात सैल सोडला तर लागत नाही.” त्यावर तो हसला होता. बस, एवढंच. पण मी त्या एवढ्यावर पंधरा दिवस हवेत होते. मग दादानं सांगितलं, पत्रिका नाही जुळली, त्यांचा नकार आला. आधीच्या सहा नकारांचं मला काही वाटलं नव्हतं. ह्या एकानं मी मोडले.

“नकार त्यांचा नव्हता,” दादा म्हणाला. “त्याचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, मंगळबिंगळ मी मानत नाही, मुलगी मला पसंत आहे, तिची पसंती असेल तर मुहूर्त धरा. मी उलट टपाली कळवलं, योग नाही. तुला सांगितलं, तेच नाही म्हणाले.”

ओट्यावर दूध तापत होतं. मी गॅस बंद केला. ते का केलं, कुणास ठाऊक. हातांना काहीतरी करायचं होतं.

“का?” मी विचारलं.

“भीती वाटली.” तो वळला. पासष्ट वर्षांचा माणूस, ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. “वडील नव्हते. सगळं माझ्यावर. तो मेला असता आणि तू पांढऱ्या कपाळानं परत आली असतीस, तर लोक म्हणाले असते, भावाला माहीत होतं, तरी दिली. मला वाटलं, घरात आहे तोवर सुखरूप तरी आहे.”

“सुखरूप,” मी म्हणाले.

“पत्र मी फाडलं. नाहीतर दाखवलं असतं तुला.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचललाही असेन मी, सांगता येत नाही. तेहतीस वर्षं मी एका माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. म्हटलं होतं, शाईच्या बोटांचा, हसला आणि पळाला. आणि तो तिकडं करमाळ्यात बसून माझ्या नकाराचं कार्ड वाचत होता. त्याला वाटलं असेल, मुलीलाच मी पसंत नव्हतो. तुला विचारावंसं सुद्धा वाटलं नाही का रे दादा? एकदा, नुसतं तोंडानं?

पण बाहेरच्या खोलीत स्वरूपा उभी होती. तिचं गुणगुणणं पुन्हा ऐकायला मिळेल की नाही, ते ह्या ओट्यापाशी ठरणार होतं. माझं तर होऊन गेलं होतं.

“दादा, डोळे पूस,” मी म्हणाले. “बाहेर जा आणि सुपारी फोड. माझं काय ते आपण नंतर बघू.”

“कुमे, काही झालं तर?”

“झालं तर झालं. भीतीनं एक मोडून बघितलंस ना? दुसरं मी मोडू देणार नाही.”

त्यानं नॅपकिननं तोंड पुसलं. बराच वेळ नॅपकिन तोंडावरच धरून उभा राहिला. मग बाहेर गेला. पाहुणे चपला घालायला उठले होते. दादा मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बसा.” एवढंच. खाली वाकून सतरंजीवरची सुपारी उचलली आणि ताम्हणात ठेवली. ताम्हण मामांपुढं सरकवलं, आणि सुपारी मामांनी फोडली. प्रमिलाबाई रडत होत्या, स्वरूपाही रडत होती, आणि तुषार गोंधळून सगळ्यांच्या हातांवर साखर ठेवत सुटला होता.

माझ्या हातावर साखर ठेवली तेव्हा मी त्याला म्हणाले, “माझं चुकलं रे बाबा. तुला विचारायचं सोडून भलत्यालाच विचारत बसले.”

“असू दे आत्या,” तो म्हणाला. “पण तुम्हाला तो फोटो सापडला कसा, ते मला शिकवा. माझ्या विद्यार्थ्यांनाही जमत नाही.”

वैशाखात लग्न झालं. आता त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे आणि तुषारला पोट सुटलंय. त्या मंगळानं दोघांचं काही वाकडं केलेलं दिसत नाही.

माझं आणि दादाचं ‘नंतर बघू’ म्हणालेलं आम्ही कधीच बघितलं नाही. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही, ताट मात्र वाढत होते. मग एका सकाळी तो औषधाची पाकिटं घेऊन आला, यातली सकाळची कुठली म्हणाला, आणि मी बोलले. भावाबहिणीचं भांडण किती दिवस टिकणार? गेल्या वर्षी तो गेला. तो गेला म्हणून आज हे सांगतेय.

एक गोष्ट मात्र मी त्याला शेवटपर्यंत कळू दिली नाही.

सुपारी फुटली त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी दुकानात येऊन बसले. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. मोबाईल हातात घेतला, माईकवर बोट ठेवलं. ‘बोला’ असं आलं. मला बोलवेना. दिगंबर शेटे हे नाव मी तोंडानं कधी घेतलंच नव्हतं, मनात मात्र हजार वेळा. तीनदा बोट ठेवलं, तीनदा तो म्हणाला ऐकू आलं नाही. चौथ्यांदा मी म्हणाले, “दिगंबर शेटे, करमाळा, छापखाना.”

वाटलं होतं, काही मिळायचं नाही. मिळालंच तर म्हातारा झालेला असेल, नातवंडं असतील, मी लांबूनच बघेन आणि बंद करेन. तर तिथल्या एका वाचनालयाचं पान निघालं. दरवर्षी मुलांची हस्ताक्षर स्पर्धा घेतात, त्याची माहिती. कै. दिगंबर शेटे स्मृती हस्ताक्षर स्पर्धा. वर एक छोटा काळापांढरा फोटो, तोच. खाली दोन ओळी. उत्कृष्ट जुळारी, वाचनालयाचे उत्साही सभासद, ऐन तारुण्यात काविळीनं निधन, सतरा ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

मी ते दोन-तीनदा वाचलं. मग फोटोवर बोट ठेवलं, तर तो मोठा झाला आणि नुसते ठिपके दिसायला लागले. पुन्हा लहान केला.

हे दादाला सांगितलं असतं, तर त्याच्या छातीवरचा दगड उतरला असता. म्हणाला असता, बघ कुमे, माझं बरोबर होतं. वाचवलं मी तुला. त्याला तेवढं समाधान द्यायला हवं होतं, असं कधीकधी वाटतं. रोज सकाळी औषध देताना तोंडाशी यायचं. पण मला ते जमलं नाही.

कारण पत्र आलं होतं शहाऐंशीच्या मार्गशीर्षात. लग्न माघात झालं असतं. तिथून ऑगस्टपर्यंत मी बोटांवर मोजलं, परत परत मोजलं. दीड वर्ष. दीड वर्ष मिळालं असतं मला.